गोळी चालू आहे, बरं वाटतंय, मग आता थेरपी कशाला?

पारिजात_ठाणे | ९ जून, रात्री ११:४२

सहा वर्षं इथे वाचनमात्र आहे. हा पहिलाच धागा, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ४१, राहायला कासारवडवली, ऑफिस रबाळ्याला. आठवड्यातून तीन दिवस जावं लागतं. गेल्या डिसेंबरात ठाणे स्टेशनवर ट्रान्स-हार्बरच्या फलाटाकडे उतरताना जिन्यातच धडधड सुरू झाली. हातांना मुंग्या, घशाला कोरड. आता आपण इथेच पडणार आणि लोक आपल्याला ओलांडून गाडी पकडणार, असं अगदी डोळ्यांसमोर दिसलं. एका भाजीवाल्या मावशींनी पायरीवर बसवून पाणी पाजलं. ईसीजी, टूडी इको, थायरॉईड सगळं नॉर्मल. बी१२ तेवढं कमी निघालं, त्याची इंजेक्शनं झाली. पण नंतर आणखी तीनदा तसंच झालं आणि मी स्टेशनला जाणंच सोडलं.

मग बाकीचंही ढासळलं. झोप गेली. लेकाच्या गॅदरिंगला जायचं म्हणून साडी काढली, इस्त्री केली आणि परत कपाटात ठेवून दिली. मार्चअखेर मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. डिप्रेशन आणि पॅनिक दोन्ही आहे म्हणाल्या. रोज एक गोळी, शिवाय फारच झालं तर घ्यायला वेगळी एक. आता दहा आठवडे झाले. झोप आली, भूक आली, उगाच येणारं रडू थांबलं. स्टेशन मात्र अजून नाही. कॅबने जाते.

परवा डॉक्टर म्हणाल्या, गोळीचा गुण छान आलाय, आता सीबीटी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) सुरू करा. दर आठवड्याला एक सेशन, दीड हजार. बाहेर पुढचा पेशंट थांबलेला, त्यामुळे जास्त विचारता आलं नाही. घरी आल्यावर नवरा म्हणतो, गोळी लागू पडलीय ना, मग गप्पा मारायचे दीड हजार कशाला. सासूबाई म्हणतात प्राणायाम कर. पुण्याचा भाऊ म्हणतो गोळ्या आधी सोड, सवय लागेल, पळायला लाग. सगळे माझ्या भल्याचंच बोलतायत आणि माझ्या डोक्याची भेळ झालीय.

हे सगळं एकत्र करतात का? की एक संपवून दुसरं? आणि दोन्ही घेतलं तर कशाने बरं वाटलं ते कसं कळणार?

टवाळ | ९ जून, रात्री ११:५८

नवरोबांना सांगा, ते पैसे गप्पा मारायचे नसतात. समोरच्याने मध्ये न बोलता ऐकायचे असतात. घरात फुकट मिळालं असतं तर कोण गेलं असतं? (हलके घ्या.)

माऊ | १० जून, सकाळी ७:१५

वाचतेय. बहिणीचं अगदी असंच आहे.

खाडीकर | १० जून, सकाळी ९:३०

पारिजातताई, चार वर्षांपूर्वी मी तुमच्याच जागी होतो. ऐरोलीत आयटीत आहे. तुमचं स्टेशन, तसा माझा सोमवारचा क्लायंट कॉल. मीही थेरपी टाळली, कारण तुमच्या मिस्टरांचंच होतं तेच. गोळीने दोन महिन्यांत माणसात आलो, मग आणखी काय हवं?

सव्वा वर्षाने गणपतीला देवरुखला गेलो आणि गोळ्या ठाण्यात राहिल्या. म्हटलं बरंच झालं, सुटली तर सुटली. चौथ्या दिवशी मान वळवली की डोक्यात बारीक करंट लागल्यासारखं व्हायला लागलं. आरतीला उभा होतो, टाळ वाजवता वाजवता झप्प, की पुढचं कडवंच विसरलो. आईने दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. परत आल्यावर डॉक्टरांनी झापलं. ही गोळी अशी एकदम सोडायची नसते, हळूहळू उतरवायची असते. त्या करंटाचं एक वेळ ठीक, तो आठ-दहा दिवसांत गेला. पण दोन महिन्यांनी सोमवारची भीती जशीच्या तशी हजर.

दुसऱ्या खेपेला दोन्ही सुरू केलं. तिसऱ्या सेशनला बाईंनी विचारलं, ईमेल पाठवायच्या आधी किती वेळा वाचता? मी म्हटलं दोनदा. घरी येऊन मोजलं. अकरा वेळा. हे गोळी कशी सांगणार होती मला?

गुळवेल | १० जून, सकाळी १०:०४

मुळात या गोळ्या म्हणजे कुबड्या. शरीर आळशी होतं. अश्वगंधा, ब्राह्मी, शिरोधारा या गोष्टी हजारो वर्षं आहेत. आयुर्वेदिक औषधाला साइड इफेक्ट नसतो. गोळी चालू ठेवूनही अश्वगंधा सुरू करायला काहीच हरकत नाही. डोस असा घ्या: [व्यवस्थापनाने काढले]

केमिस्टकाका | १० जून, सकाळी १०:४१

हरकत आहे, गुळवेल. नेरूळला २६ वर्षं औषधाचं दुकान चालवतोय. साइड इफेक्ट नसतो म्हणजे परिणामही नसतो, असाच अर्थ होतो ना? अश्वगंधेने गुंगी येऊ शकते, थायरॉईडच्या आकड्यांवरही तिचा परिणाम होतो. थायरॉईडच्या गोळीवर असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. ते ऑनलाइन मिळणारं सेंट जॉन्स वर्ट नावाचं परदेशी हर्बल कॅप्सूल तर एसएसआरआय गोळीसोबत, म्हणजे डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांसोबत, चक्क धोक्याचं. दोन्ही मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवतात. घाम, थरथर, ताप, गोंधळ, माणूस हॉस्पिटलात. ट्रॅमाडॉल ही दुखण्याची गोळीही त्याच यादीत, आणि ती लोक शेजाऱ्याकडून उसनी घेतात!

एकत्र करायला कुणाचीच ना नाही. पण एकत्र काय काय चाललंय ते एका माणसाला तरी पूर्ण माहीत हवं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांच्या डॉक्टरला त्यांचा काढा माहीत नसतो आणि वैद्याला गोळी.

व्यवस्थापन | १० जून, सकाळी ११:००

कृपया कोणत्याही औषधाचा डोस लिहू नये, मग पॅथी कोणतीही असो. कुणाला आत्ता फार त्रास होत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर धाग्यावर उत्तराची वाट पाहू नका. केंद्र सरकारची टेलीमानस सेवा १४४१६ वर चोवीस तास आहे, मोफत आहे, मराठीत बोलतात.

आजोबा_कोपरी | १० जून, दुपारी ४:२०

वय ७४. आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं. मनाचा हिय्या करायचा आणि गाडी पकडायची. पूर्वी घरात कुणी जरा वेगळं वागलं की म्हणायचे, याला ठाण्याला पाठवा. आम्ही ठाण्यातच राहायचो, त्यामुळे आम्हाला कुठे पाठवायचं हा प्रश्नच असायचा. मनोरुग्णांचं इस्पितळ १९०१ सालचं. त्या भिंतीला लागून सायकलवरून शाळेत गेलोय. आत बघायचं नाही, अशी घरून ताकीद.

रानजाई | १० जून, रात्री ८:१२

काका, हिय्या करायचे ते करायचेच, आणि न करू शकणारे घरात बसायचे. त्यांची मोजदाद कुणी केली नाही इतकंच.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, वाशीला काम करते. पारिजात, तुमच्यावर इथून उपचार करू शकत नाही. ढोबळ सांगते.

डिप्रेशन ऐन भरात असताना माणसाला आंघोळीला उठायचं बळ नसतं. अशा वेळी मी गृहपाठ दिला तर तो होत नाही, आणि झाला नाही की 'मला हेसुद्धा जमत नाही' हे आणखी एक ओझं. बऱ्याचदा गोळीने थोडी उभारी आली की मग थेरपीची कामं पेलवतात. तुमच्या डॉक्टरांनी आत्ता पाठवलं, ते बहुधा म्हणूनच. हात मोडला की आधी प्लास्टर, मग फिजिओ, तसं काहीसं. सौम्य त्रासात मात्र नुसती थेरपीही पुरते, गोळी लागतेच असं नाही.

आता स्टेशन. गोळीने धडधडीचा जोर उतरतो. पण 'मी त्या जिन्यात पडेन' हा तुमच्या मनाचा पक्का समज आहे, आणि तो खोटा ठरायला जिन्यातच जावं लागतं. ठरवून, टप्प्याटप्प्याने, पळून न येता. सीबीटीत याला एक्स्पोजर म्हणतात. घरी सोफ्यावर बसून ते होत नाही आणि एका दिवसातही होत नाही.

एक विचारू? ती 'फारच झालं तर' घ्यायची गोळी, ती कुठे असते?

पारिजात_ठाणे | १० जून, रात्री ९:०५

पर्समध्ये. आतल्या चेनच्या कप्प्यात, अर्धी करून, टिश्यूत गुंडाळून. कॅबमध्ये बसलं की आधी चेन उघडून बघते. एप्रिलपासून एकदाही घेतली नाहीये. पण ती घरी राहिली म्हणून एकदा माजिवड्याच्या पुलावरून कॅब परत वळवली होती. हे आत्ता लिहिताना मलाच कसंतरी वाटतंय.

रानजाई | १० जून, रात्री ९:३१

कसंतरी वाटून घेऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहांकडे काहीतरी असतंच. पाण्याची बाटली, लवंग, फोनवर नवरा. थेरपिस्टला हे पहिल्याच दिवशी सांगा. ती गोळी पोटात न जाताही काम करतेय, आणि तिचं काम चालू असेपर्यंत 'मी वाचले ते गोळीमुळे' हेच मनात राहणार. ती कधी, कशी बाजूला ठेवायची ते मात्र डॉक्टर आणि थेरपिस्ट मिळून ठरवतील. उद्याच फेकून देऊ नका, प्लीज. रोजची गोळी वेगळी, ही वेगळी. ही अडीअडचणीची असते, आणि रोज घेतली तर हिची खरंच सवय लागते. तुमचे बंधू जे ऐकून आलेत ते बहुधा हिच्याबद्दलचं, आणि त्यांनी ते दुसरीला चिकटवलंय.

आकडेमोड | ११ जून, सकाळी ६:५०

डॉक्टर नाही. आयुष्य संख्याशास्त्रात गेलं, त्यामुळे 'माझ्या बहिणीला गुण आला' यापलीकडचं थोडं.

२००० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये जुनाट डिप्रेशनवरचा एक मोठा अभ्यास आला. नुसतं औषध घेणाऱ्यांत ४८ टक्के लोकांना गुण, नुसत्या थेरपीत ४८ टक्के, दोन्ही एकत्र ७३ टक्के. त्यातलं औषध पुढे यकृतावरच्या दुष्परिणामांमुळे मागे पडलं, ते सोडा. २००८ साली ७ ते १७ वयाच्या मुलांच्या अँग्झायटीवर तसाच अभ्यास झाला. दोन्ही एकत्र ८१ टक्क्यांच्या आसपास, सीबीटी ६०, गोळी ५५, आणि औषध नसलेली नुसती साखरेची गोळी २४. एकत्र म्हणजे सरस, असं म्हणून लॅपटॉप बंद करावा असं वाटतं.

पण थांबा. त्याच २००० साली खास पॅनिकवर ३१२ पेशंटांचा अभ्यास झाला, इमिप्रामिन हे जुनं औषध आणि सीबीटी. उपचार चालू होते तोवर एकत्रवाल्यांचं चांगलं चाललं. सगळं बंद केल्यावर सहा महिन्यांनी पाहिलं तर औषध आणि सीबीटी दोन्ही घेतलेल्यांतले बरेच घसरले होते, नुसत्या सीबीटीवाले जास्त टिकले होते. एक अंदाज असा, की दोन्ही घेणारा माणूस श्रेय गोळीला देतो आणि गोळी गेली की धीरही जातो. पारिजात यांनी मूळ धाग्यात शेवटी विचारलंय ना, कशाने बरं वाटलं ते कसं कळणार? प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही.

धावरे_धाव | ११ जून, सकाळी ८:०२

बघा! म्हणजे भाऊ बरोबर बोलतोय. रोज पहाटे उपवन ते येऊर पाटोणपाडा, पाच वर्षं. एक गोळी नाही. व्यायाम विरुद्ध सर्ट्रालिन ही डिप्रेशनची गोळी, असाही अभ्यास झालाय, १९९९ साली. त्यावर का बोलत नाही कुणी?

आकडेमोड | ११ जून, सकाळी ८:४०

बोलतो की. वय ५० च्या पुढचे १५६ लोक, सोळा आठवडे, आठवड्यातून तीनदा व्यायाम. शेवटी व्यायामवाले आणि गोळीवाले जवळपास बरोबरीत, आणि पुढच्या पाहणीत व्यायामवाले कमी घसरले. तुमच्या बाजूचंच आहे. गंमत म्हणजे त्यात तिसरा गट दोन्ही करणाऱ्यांचा होता, आणि तो काही सरस ठरला नाही. म्हणजे गोष्टी एकत्र केल्या की बेरीज होतेच असं नाही. पण ते लोक स्वतःहून व्यायामाच्या अभ्यासात नाव द्यायला आले होते हो. पारिजात मार्चमध्ये साडी नेसू शकत नव्हत्या.

धावरे_धाव | ११ जून, सकाळी ९:१०

हं. मान्य. पळायला उठवणारं कुणीतरी मलाही लागलंच होतं, वडील गेले तेव्हा. शेजारचा मित्र दाराची बेल वाजवून बूट घालेपर्यंत उभा राहायचा.

टवाळ | ११ जून, सकाळी ९:२५

येऊरहून उतरल्यावर मिसळ खाता की नाही, ते सांगा. त्यावर अभ्यास आहे का?

धावरे_धाव | ११ जून, सकाळी ९:२७

मामलेदार. मीडियम.

खाडीकर | ११ जून, सकाळी ९:४४

अवांतर: मीडियम खाणाऱ्याने येऊर पळण्याच्या बाता मारू नयेत.

कळंबोलीकर | ११ जून, सकाळी १०:१५

अवांतर: ठाणेकरांच्या कुठल्याही धाग्यात तासाभरात मिसळ येते, हे शास्त्र असतंय.

नेरूळची_लेक | ११ जून, दुपारी १:५०

मिसळीतून जरा बाहेर या. केमिस्टकाकांच्या मुद्द्याला जोडून.

आई गेल्यावर बाबांना (७१) डिप्रेशन आलं. गोळी सुरू झाली. तीन आठवड्यांनी बघते तर वर्तमानपत्र फ्रिजमध्ये आणि दुधाची पिशवी टीपॉयवर. मला वाटलं डिप्रेशनच वाढलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, आता विसरभोळेपणा सुरू होणारच, वय आहे. चालताना तोल जायला लागला तेव्हा नेलं आणि रक्त तपासलं. सोडियम खूप खाली. बीपीसाठी लघवीची गोळी आधीपासून चालू होती आणि वर ही नवीन. दोन्हींनी मिळून केलेला उद्योग. मनोविकारतज्ज्ञांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, आणखी काय चालू आहे? मीच म्हटलं होतं, काही नाही, बीपीची एक साधी गोळी. नाव सांगितलं नाही.

औषध बदललं, सोडियम वर आलं. आता ते रोज संध्याकाळी सोसायटीतल्या कट्ट्यावर जातात. समुपदेशनाला साफ नकार, 'परक्या पोरीसमोर काय रडू'. मग डॉक्टर म्हणाले, राहू दे, रोज चार माणसांत एक तास, हेच लिहून देतो. खरंच चिठ्ठीवर लिहून दिलं, गोळीच्या खाली. बाबा ती ओळ औषधासारखीच पाळतात.

आजोबा_कोपरी | ११ जून, संध्याकाळी ६:३०

नेरूळच्या लेकी, तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग.

काल जरा तोऱ्यात लिहिलं. निवृत्त झालो त्या वर्षी मी सात महिने दाढी एक दिवसाआड केली आणि बँकेच्या वेळेला कपडे करून खिडकीत बसायचो. सौ.ने कुणाला सांगितलं नाही. तिला वाटलं मी रुसलोय. मलाही तेच वाटत होतं. कुणावर, ते सापडत नव्हतं. आपोआप निवळलं. पण सात महिने म्हणजे थोडे नव्हेत.

माऊ | ११ जून, संध्याकाळी ६:४५

काका __/\__

पारिजात_ठाणे | ११ जून, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली. तो काही बोलला नाही, पण उठून भांडी आवरली.

रानजाईताई, प्राणायामाचं काय? सासूबाई कपालभाती कर म्हणतात. केली, तर डोकं हलकं होऊन तसंच व्हायला लागलं, जिन्यातल्यासारखं.

रानजाई | ११ जून, रात्री ११:०२

जोरात आणि भराभर श्वास टाकला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. मुंग्या, डोकं हलकं, छातीत कसंतरी, ही पॅनिकचीच लक्षणं. म्हणून आत्ता कपालभाती नको. संथ श्वास, दीर्घ उच्छ्वास, ओंकार, हे चालेल. सासूबाईंना म्हणावं, प्राणायाम करतेय, फक्त प्रकार बदललाय. गंमत सांगू? काही थेरपिस्ट पुढे हेच मुद्दाम करायला लावतात. समोर बसून मिनिटभर भराभर श्वास, की बघा, तेच झालं आणि काहीही झालं नाही! पण ते त्यांच्यासमोर, एकट्याने नाही.

आकडेमोड यांचा पॅनिकवाला मुद्दा खरा आहे. म्हणूनच गोळी उतरवायची वेळ येते तेव्हा थेरपी थांबवू नये, उलट त्या काळात एक-दोन सेशन जास्त ठेवावीत. जिना गोळीशिवायही चढून पाहावा लागतो.

टवाळ | ११ जून, रात्री ११:२०

धाग्यात आतापर्यंत कुबड्या, प्लास्टर आणि जिना आलाय. प्लास्टर घातलेला माणूस कुबड्या घेऊन जिना चढतोय. कुणीतरी लिफ्ट सुचवा.

वाशीवाला | १२ जून, सकाळी ८:३३

पैशांबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारही विम्यात धरायला लावलं. पण बहुतेक पॉलिसी भरती झालं तरच पैसे देतात, दर आठवड्याचं सेशन खिशातूनच. महिन्याचे सहा हजार. मध्यमवर्गाला जड आहे, पारिजात यांचे मिस्टर काही कंजूस नाहीत.

स्वस्तात हवं तर मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, तिथे नुसतं दाखवायलाही जाता येतं, भरती व्हावंच लागतं असं नाही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून आहे. मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशक एकाच छताखाली, त्यामुळे याचं त्याला माहीत नाही हा घोळ कमी. सेशन पंधरा दिवसांनी करता येतं का, हेही विचारा. आणि अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धत कि. मो. फडक्यांनी मराठीत इतकी सोपी करून आणलीय, की ती वाचून गृहपाठाचं बरंच घरी होतं. 'असं व्हायलाच हवं' आणि 'असं झालं तर बरं' यांतला फरक मला पन्नाशीत कळला.

आकडेमोड | १२ जून, सकाळी ८:५०

पारिजात, कॅबला एका बाजूचे किती पडतात?

पारिजात_ठाणे | १२ जून, सकाळी ९:०२

साधारण साडेचारशे. पाऊस असला की सहाशे.

आकडेमोड | १२ जून, सकाळी ९:०६

४५० गुणिले २ गुणिले महिन्याचे १२ दिवस. १०,८००. थेरपीचे ६,०००. मिस्टरांना कागदावर लिहून द्या, मी सही करतो.

टवाळ | १२ जून, सकाळी ९:०८

अखेर लिफ्ट सापडली.

माऊ | ३ ऑगस्ट, सकाळी १०:११

धागा वर काढतेय. पारिजात, काय झालं पुढे?

पारिजात_ठाणे | ४ ऑगस्ट, रात्री ११:१५

लिहायचं राहूनच गेलं. सात सेशन झाली. गोळी चालूच आहे.

पहिल्या दोन सेशनांत नुसती माहिती आणि एक वही. भीती दहापैकी किती, ते लिहायचं. जायच्या आधी, तिथे पोचल्यावर, आणि काही न करता वीस मिनिटं थांबल्यावर. पहिला टप्पा म्हणजे स्टेशनच्या पुलावर नुसतं उभं राहायचं. ८, ९, ६. तेच चार दिवस. मग फलाटावर बसून तीन गाड्या सोडायच्या. एका रेल्वे पोलिसाने येऊन विचारलं, मॅडम, काही प्रॉब्लेम? म्हटलं गृहपाठ करतेय. तो दोन पावलं मागे सरकला. मग दिघा गावपर्यंत जाऊन परत.

पर्समधलं प्रकरण डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी आणि थेरपिस्टने फोनवर बोलून ठरवलं. आधी गोळी पर्समधून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, मग घरच्या कपाटात. ज्या दिवशी ती पहिल्यांदा घरी ठेवली त्या दिवशी वहीत निघायच्या आधीच १० लिहिलंय, आणि पुढे पेनाने भोक पडलंय.

नवरा पहिल्या आठवड्यात सोबत यायचा. थेरपिस्ट म्हणाली, छान आहे, पण आता त्यांनाही ड्रॉवरमध्ये ठेवा.

जुलैच्या त्या पावसाच्या दिवशी ऐरोलीच्या अलीकडे गाडी थांबली. सव्वीस मिनिटं. पंखे बंद, काचेवर पाणी, शेजारी एक कॉलेजची मुलगी 'घरी उशीर होणार' म्हणून फोनवर रडकुंडीला आलेली. मला सगळं आलं. मुंग्या, कोरड, सगळं. हात आपोआप चेनच्या कप्प्यात गेला. आत बसचं जुनं तिकीट आणि एक सेफ्टी पिन. पळायला जागाच नव्हती, म्हणून बसून राहिले. वही काढली. ९. जरा वेळाने ९. मग ७. मग त्या मुलीने विचारलं, काकू, तुम्ही काय लिहिताय? मी सांगितलं. ती म्हणाली, माझं ५ लिहा. गाडी सुटली तेव्हा माझं ४ होतं.

सगळं छान नाहीये. परवा ऑफिसात बोलणी बसली तर दोन दिवस परत झोप नाही. गर्दीच्या वेळेची ठाणे-रबाळे अजून जमलेली नाही, साडेअकराची पकडते, साहेबांनी तेवढी सूट दिलीय. डॉक्टर म्हणाल्या, पूर्ण बरं वाटायला लागल्यापासून निदान सहा महिने तरी गोळी सोडायचा विषय काढू नका. काढणार नाही. भावाला तसं सांगितलं, तो म्हणाला बरं, पण पळायला ये. रविवारी उपवनला दोन फेऱ्या मारते, चालत. आणि सासूबाईंसोबत ओंकार, सकाळी. त्यांचा माझ्यापेक्षा लांब जातो.

कशाने बरं वाटलं ते मला अजूनही सांगता येत नाही. झोप गोळीने आली, हे नक्की. गाडीतली सव्वीस मिनिटं वहीची. पण मार्चमधली मी वही घेऊन स्टेशनवर गेलेच नसते.

केमिस्टकाका | ५ ऑगस्ट, सकाळी ७:४०

शाब्बास. सर्दी-खोकला झाला तरी दुकानदाराला गोळीचं नाव आधी सांगायचं. खोकल्याची काही औषधंही हिच्यासोबत चालत नाहीत.

आजोबा_कोपरी | ५ ऑगस्ट, सकाळी ८:०५

पोरी, त्या वहीत आकडे कुठल्या वेळी किती लिहायचे, ते जरा सविस्तर लिहिशील का? माझ्यासाठी नाही. सौ.ला हवंय.

टवाळ | ५ ऑगस्ट, सकाळी ९:१२

कॅबचे वाचलेले ४,८०० कुठे गेले, याचा हिशोब आकडेमोड यांना द्यावा.

पारिजात_ठाणे | ५ ऑगस्ट, दुपारी १:३०

काका, रात्री सविस्तर व्यक्तिगत निरोप करते, काकूंना सांगा.

टवाळ, अजून वाचले नाहीत हो, पावसात दोनदा कॅबच केली. वाचले की मामलेदार. तिखट.